सिलिकॉनची ट्यूब घेण्याआधी : घरातल्या फटी बुजवण्याचा खरा खर्च

मे महिना संपत आला की हार्डवेअरच्या दुकानात एक वाक्य सारखं ऐकू येतं : "एक सिलिकॉन द्या." कशासाठी हवं, कोणतं हवं, किती लागेल, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. हाताला येईल ती ट्यूब पिशवीत पडते. मग तीच खिडकीला, नहाणीत, ओट्याला आणि भिंतीच्या भेगेलाही फिरते. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आत येतं आणि दोष 'हल्लीच्या मालाला' दिला जातो.

माल बहुतेक वेळा ठीकच असतो, जागा चुकलेली असते. दोन बेडरूमच्या घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या फटी बुजवायला साधारण दोन हजार रुपयांचं सामान पुरतं. पण चुकीच्या जागी लावलेलं सिलिकॉन खरवडून काढायला कारागिराची अख्खी दिवसाची मजुरी जाते. शिवाय त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि त्यावर रंगही धरत नाही, दुसरा मालही नीट चिकटत नाही. म्हणून खरेदीच्या आधीचा विचार इथे खरेदीपेक्षा मोलाचा आहे.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा

खिडकीखाली ओल दिसली म्हणजे खिडकीच गळते असं नाही. वरचा छज्जा, बाहेरच्या गिलाव्याची भेग, वरच्या मजल्याचा पाइप, यांतलं काहीही असू शकतं. तपासायची सोपी रीत आहे. कोरड्या दिवशी बाहेरून पाणी टाकायचं, पण खालून वर. आधी फक्त खालच्या कडेवर दहा मिनिटं, मग बाजूच्या उभ्या कडांवर, शेवटी वरच्या कडेवर. घरातला दुसरा माणूस आत टॉर्च घेऊन उभा राहतो. ज्या टप्प्याला आत थेंब दिसतो, तिथे फट आहे. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांबाबत एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला लहान भोकं किंवा खाचा असतात. ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी येणारच असतं आणि ते बाहेर जावं म्हणूनच ती ठेवलेली असतात. धूळ, मुंग्यांची माती, कबुतरांची पिसं यांनी ती बुजतात, ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरतं. कितीतरी ठिकाणी कारागीर 'भोकं दिसली' म्हणून त्यांतच सिलिकॉन भरून जातात आणि गळती दुप्पट होते. तेव्हा आधी ट्रॅक धुवा, भोकं तारेनं मोकळी करा आणि मगभर पाणी ओतून ते बाहेर जातं का ते पाहा. याला एक रुपयाही लागत नाही, आणि कधी कधी काम इथेच संपतं.

नहाणीच्या गळतीत भिंत आणि जमीन वेगवेगळी तपासावी. नहाणी ट्रॅपचं तोंड ओल्या फडक्यानं घट्ट बंद करून जमिनीवर इंचभर पाणी चोवीस तास उभं ठेवायचं आणि पातळीवर पेन्सिलीची खूण करायची. तेवढ्यात खालच्या घराच्या छतावर ओल वाढली, तर दोष जमिनीखालच्या वॉटरप्रूफिंगचा किंवा ट्रॅपच्या सांध्याचा आहे आणि तिथे कोपऱ्यात ओढलेली सिलिकॉनची रेघ काही करू शकत नाही. जमीन निर्दोष ठरली, पण शॉवर भिंतीवर मारल्यावर मात्र ओल वाढली, तर टाइल्सच्या सांध्यांकडे आणि नळांभोवतीच्या फटींकडे वळावं.

हा खर्च तुमचाच आहे का?

घराचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर दुकानात जाण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष नजरेस आणून दिला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. खिडकीच्या चौकटीभोवती नीट न भरलेली फट हा कारागिरीचाच दोष आहे. फोटो काढा, तारीख दिसेल असं पाहा, ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत त्यावर स्वतः काही लावू नका. लावलंत, तर मूळ दोष दाखवायला पुरावाच उरत नाही.

जुन्या सोसायटीत वाटणी वेगळी असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती हा संस्थेचा खर्च आहे. संडास, सिंक यांची घरातली गळती त्या त्या सभासदानं पाहायची. बाहेरच्या भिंतीची भेग बुजवायला स्वतःच्या खिशातून माणूस आणण्याआधी समितीला पत्र द्या. पाच-सहा घरांची तक्रार एकत्र गेली तर दोरावरून काम करणारी टोळी एकदाच येते आणि दर घरामागचा खर्च बराच उतरतो.

कोणत्या फटीला काय

खिडकीची चौकट अॅल्युमिनियमची, भोवतालची भिंत सिमेंटची. चार फुटांची अॅल्युमिनियमची पट्टी ४० अंशांच्या फरकानं साधारण एक मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. काँक्रीट त्याच्या निम्मंच. पश्चिमेची खिडकी दुपारच्या उन्हात तापते आणि पहिल्या सरीनं झटक्यात गार होते, तेव्हा दोघांमधली फट सतत उघडझाप करत असते. तिथे पांढरं सिमेंट भरलं तर ते पहिल्याच वर्षी केसासारखं तडकतं. एम-सीलसारखी इपॉक्सीची लगदी दगडासारखी घट्ट होते. ती पाइपाच्या जोडाला उत्तम, पण हलणाऱ्या फटीला कुचकामी. हलणाऱ्या फटीला ताणलं जाणारं रबरच हवं, आणि ते रबर म्हणजेच सीलंट.

त्यांच्या मुख्य जाती चार. खाली दिलेले दर मुंबई-पुण्याच्या किरकोळ दुकानांतले ढोबळ आकडे समजा. गावागणिक आणि ब्रँडगणिक ते वर-खाली होतात.

सगळ्यात जास्त खपतं ते आम्ल प्रकारचं, म्हणजे व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन. २८० मिलिलिटरची ट्यूब दीडशे ते अडीचशे रुपयांना मिळते. काचेला आणि चकचकीत टाइल्सना ते छान धरतं. पण सुकताना त्यातून आम्ल सुटतं, म्हणून ते सिमेंटवर, जस्ताच्या पत्र्यावर, पितळ-तांब्यावर लावू नये. आरशाच्या मागे लावलं तर पाऱ्यावर काळे डाग पडतात. आणि आपल्याकडे फार महत्त्वाचं म्हणजे संगमरवर, कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. आम्ल त्यांना खातं. कडप्प्याच्या ओट्याला हे सिलिकॉन लावलं की चिकटलेल्या जागी दगडाचा पापुद्रा सैल होतो आणि रेघ उचलून हातात येते.

दुसरं न्यूट्रल सिलिकॉन. ट्यूबवर 'न्यूट्रल' किंवा 'वेदरप्रूफ' असं छापलेलं असतं. अडीचशे ते साडेचारशे रुपये. वास सौम्य, धातू, सिमेंट, काच सगळ्यांशी जमतं, ऊन-पाऊस वर्षानुवर्षं सोसतं. खिडकीच्या बाहेरच्या कडेला, कोकणातल्या पडवीच्या पत्र्याच्या जोडांना, अॅल्युमिनियमच्या कामाला हेच घ्यावं. शंभर रुपये वाचवायला पहिल्या प्रकाराकडे वळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नहाणीसाठी यातच बुरशीरोधक प्रकार येतो, तो डोळे झाकून घ्यावा. संगमरवराला मात्र 'नैसर्गिक दगडासाठी' असं लिहिलेलं असेल तेच, कारण साध्या सिलिकॉनमधलं तेल दगडात झिरपून कडेला कायमची काळपट पट्टी पडते.

सिलिकॉनच्या दोन्ही जातींवर रंग बसत नाही. म्हणून दाराच्या चौकटीभोवतीच्या, फर्निचर आणि भिंतीच्या मधल्या, रंगवायच्या फटींना तिसरी जात : अॅक्रिलिक. साधारण सव्वाशे ते अडीचशे रुपये. पाण्यात मिसळलेलं असल्यानं ओल्या फडक्यानं पुसता येतं, नवख्या हातालाही जमतं. पण पाणी उडून गेल्यावर ते आकसतं, म्हणून दुसरा हात लागतो, आणि सतत पाणी साचणाऱ्या जागी ते टिकत नाही. भिंतीतल्या केसासारख्या भेगांना तेही नको. तिथे भेगा बुजवायची पुट्टी आणि वर चांगला बाहेरचा रंग, एवढंच पुरे.

चौथं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. ६०० मिलिलिटरच्या लांब पुडीत येतं, साडेतीनशे ते सहाशे रुपये. ते सिमेंटला घट्ट धरतं आणि त्यावर रंग चढतो. गच्चीच्या कठड्याचा सांधा, दोन इमारतींमधली फट, रुंद जोड यांना योग्य. त्याला वेगळी, बंद नळीची गन लागते, आणि हाताला लागलं तर दिवसेंदिवस जात नाही, म्हणून हातमोजे घालूनच काम करावं. उघड्या उन्हात ते पिवळं पडतं, वर रंगाचा थर द्यावा. पूर्ण स्लॅब झिरपत असेल तर मात्र सांधे भरून उपयोग नाही. ते वॉटरप्रूफिंगचं वेगळं आणि मोठं काम आहे.

टाइल-टाइलमधल्या रेघांना यांपैकी काहीच नाही, तिथे ग्राउट. पण भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा, भिंत-भिंतीचा कोपरा, बेसिन आणि टाइलची कड इथे ग्राउट तडकतं, सिलिकॉन लागतं. कमोडच्या बुडाशी आपल्याकडे पांढऱ्या सिमेंटची सवय आहे. त्याऐवजी सिलिकॉन लावलं तर पुढे दुरुस्तीला कमोड टाइल न फोडता निघतो. तिथे मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडावी, म्हणजे खालून गळती झाली तर ती तिथून बाहेर दिसते, आतल्या आत मुरत नाही.

ट्यूब किती लागतील

इथे साधा हिशेब करता येतो. ६ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल फटीला एका मीटरला ३६ मिलिलिटर माल लागतो. २८० मिलिलिटरची ट्यूब म्हणजे पावणेआठ मीटर, सुमारे पंचवीस फूट. कोपऱ्यातली तिरकी रेघ त्रिकोणी असते, तिला निम्मा माल लागतो, म्हणजे ट्यूब पन्नास फूट जाते. फट १० बाय १० झाली की मीटरला थेट १०० मिलिलिटर लागतात आणि तीच ट्यूब नऊ फुटांत संपते.

त्यामुळे रुंद फटीत नुसता माल ओतणं हा शुद्ध अपव्यय आहे. आधी आत फोमची गोल दोरी दाबून बसवतात. तिला दुकानात बॅकर रॉड म्हणतात, मीटरला पाच ते पंधरा रुपये. दोरी फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची आणि वर रुंदीच्या निम्म्या खोलीइतकाच माल भरायचा. माल वाचतो हा एक फायदा. दुसरा मोठा : सीलंट दोन्ही बाजूंना चिकटतं, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर ते मोकळं ताणलं जात नाही आणि मधोमध फाटतं.

आता दोन बेडरूमच्या एका घराचा अंदाज मांडू. दोन नहाण्या, प्रत्येकी चार बाय सात फूट, दार सोडून कोपरा सुमारे वीस फूट. बेसिन आणि कमोड मिळून आणखी दहा. ओट्याची कड आणि सिंक एकोणीस फूट. एवढ्याला बुरशीरोधक न्यूट्रलच्या दोन ट्यूब, सहाशे रुपये. चार बाय चारच्या चार खिडक्या, एकूण चौसष्ट फूट, वेदरप्रूफच्या तीन ट्यूब, एक हजार पन्नास. गन अडीचशे, मास्किंग टेप, कटर, हातमोजे मिळून दीडशे. बेरीज २,०५० रुपये. सव्वाशेची लोखंडी गनही मिळते, पण तिचा दांडा दाब सोडल्यावर मागे येत नाही, ट्यूबमधून माल वाहत राहतो आणि रेघ बिघडते. गनवरचे शंभर रुपये वाचवू नका.

खरेदी करताना ट्यूबवर तीन गोष्टी पाहाव्यात. उत्पादनाची तारीख, कारण बहुतेक सीलंटचं आयुष्य सुमारे वर्षभराचं असतं आणि दमट गोदामात ते आधीच संपतं. मागची बशी अंगठ्यानं दाबा, कडक लागली तर परत द्या. दुसरं, निव्वळ माप. सारख्या आकाराच्या ट्यूबमध्ये २४०, २६०, २८०, ३०० मिलिलिटर असं काहीही असू शकतं, तेव्हा भाव मिलिलिटरमागे काढा. तिसरं, छापील किंमत. तीत सगळे कर आलेले असतात, वर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. या मालावर छापील किमतीपेक्षा बरंच कमी घ्यायची दुकानदारांची पद्धत आहे, म्हणून दोन दुकानांत विचारावंच. छापील किमतीहून जास्त मागितले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पक्कं बिल हवं. अगदीच स्वस्त ट्यूबमध्ये सिलिकॉनऐवजी तेल भरलेलं असतं, ती वर्षभरात आकसते आणि पिवळी पडते.

हात लावताना

वेळेचं तीन चतुर्थांश तयारीला जावं. जुनी रेघ दोन्ही कडांनी कापून पूर्ण काढायची. जुन्यावर नवीन फिरवलेलं सिलिकॉन टिकत नाही, कितीही सुबक दिसलं तरी. साबणाचा आणि क्षारांचा पांढरा थर घासून काढायचा, धुवायचं आणि मग पूर्ण सुकू द्यायचं. नहाणीत पंखा लावून एक रात्र तरी. काळी बुरशी मुळासकट जायला ब्लीचचं पाणी लावून ठेवावं, खिडकी उघडी ठेवून, आणि ते दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः टॉयलेट साफ करायच्या आम्लात, कधीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

फटीच्या दोन्ही अंगांना टेप लावा. नोझल तिरकं, फटीपेक्षा किंचित बारीक कापा. एकाच वेगानं, न थांबता रेघ ओढा आणि लगेच बोट किंवा लाकडी पट्टी फिरवा. दहा-पंधरा मिनिटांत वर कातडी धरते, त्यानंतर हात लावला की सुरकुत्या पडतात. सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढायचा. साबणाचं पाणी बोटाला लावतात ते ठीक, पण रेघ ओढण्याआधी ते फटीत जाऊ देऊ नये, नाहीतर माल धरत नाही.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं पिकतं, वरून आत, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. म्हणून नहाणी चोवीस तास बंद ठेवायला हवी. घरात एकच नहाणी असेल तर रात्रीची सगळी कामं आटोपल्यावर रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी बादलीनं, त्या कोपऱ्यापासून लांब आंघोळी कराव्यात. शॉवर त्यानंतरच. बाहेरच्या खिडकीचं काम सकाळी करा. दुपारी तापलेल्या चौकटीवर माल फुगतो, त्यात बुडबुडे येतात. पाऊस सुरू झाल्यावर भिंत ओली असते, आणि ओल्या भिंतीवर लावलेलं सीलंट म्हणजे वाया घालवलेले पैसे. एप्रिल-मे हाच खरा हंगाम.

तळमजल्याच्या वरची बाहेरची बाजू स्वतः करू नका. ग्रिलमधून हात काढून, खुर्चीवर उभं राहून, कशीही नको. तिथे दोर आणि पट्टे लावणारी प्रशिक्षित माणसंच बोलवावीत.

कारागीर लावत असाल तर एका दिवसाचे हजार ते दीड हजार रुपये धरा, मदतनीस वेगळा. ठरवताना चार प्रश्न कागदावर उतरवून घ्या. दर धावत्या फुटाचा की दिवसाचा? जुनं काढणं त्यात धरलं आहे का? कोणत्या कंपनीचं, कोणत्या जातीचं सीलंट? आणि ट्यूब कोण आणणार? शक्यतो तुम्हीच आणा. तो आणत असेल तर सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकाम्या ट्यूब घरातच ठेवायला सांगा. तीन ट्यूबचं काम आणि बिलात आठ, असं झालं तर रिकाम्या ट्यूब मोजता येतात. पैशाचा शेवटचा हप्ता पहिल्या चांगल्या पावसापर्यंत राखून ठेवावा आणि तसं कामाआधीच बोलून घ्यावं. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

उरलेल्या ट्यूबच्या नोझलमध्ये लांब स्क्रू घालून वर टेप गुंडाळा. कोकणात आणि मुंबईत ती फार दिवस जगत नाही, म्हणून किरकोळ कामाला ५० ते ९० मिलिलिटरची छोटी दाबायची ट्यूब घ्यावी. मिलिलिटरमागे ती महाग पडते, पण तिला गन लागत नाही आणि अर्धी ट्यूब फेकावी लागत नाही. दर एप्रिलमध्ये खिडकीच्या चारही कडांवर अंगठा दाबत एक फेरी मारा. रेघ मऊ असून कडेला चिकटलेली असेल तर तिला हात लावू नका. कुठे कड सुटली असेल, तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंची धडधाकट रेघ लागेपर्यंत कापा आणि तेवढाच तुकडा नव्यानं भरा.